दुसऱ्याच्या नावानं जगणारी माशी

आजचं बोलणं एका माशीबद्दल आहे. माशी म्हटलं की आपला हात आपोआप वर उठतो, आणि तो तिला हाकलण्यासाठीच उठतो. मी मात्र आज तुम्हाला जरा थांबून तिच्याकडं पाहायला सांगणार आहे. ही माशी आपल्या गुळाच्या ढेपेवर बसणारी नाही. आपल्या मुलखातलीही नाही. तिचं घर युरोपात, आणि मी तिची जी कथा सांगणार आहे ती बरीचशी इंग्लंड-वेल्सच्या गायरानांवर घडलेली आहे. इंग्रज तिला हॉर्नेट रॉबरफ्लाय म्हणतात. म्हणजे गांधीलमाशीसारखी दिसणारी दरोडेखोर माशी. शास्त्रातलं तिचं नाव असिलस क्रॅब्रोनिफॉर्मिस. कधीकाळी दक्षिण इंग्लंडच्या कुरणांवर ओळखीची असलेली ही माशी आता तिथल्या मुरलेल्या कीटक-अभ्यासकालाही वर्षाकाठी एखाद्या वेळी दिसली तर तो ती तारीख वहीत लिहून ठेवतो.

मी काही कीटकशास्त्राचा माणूस नव्हे. कवितेच्या वाटेनं चालणारा. मला या माशीकडं नेलं ते तिच्या नावानं. आमच्या घरात दखनी बोलत. तिथं उडणाऱ्या साऱ्याच माश्यांना एकच शब्द, मख्खी. उंबरठा ओलांडून गल्लीत आलो की मराठीत किती नावं! घरमाशी, मधमाशी, गांधीलमाशी, चिलट, केंबर, आणि बैलांना सळो की पळो करून सोडणारी गोमाशी. ज्याला जे छळतं त्याला तो आधी नाव देतो, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. शेतकऱ्याच्या भाषेत गोमाशी असणारच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या शेतकऱ्याच्या भाषेतही ती होती, आणि आपल्या कथेचा आरंभ तिथून आहे.

व्हर्जिल हा रोमन लोकांचा महाकवी. इसवी सनापूर्वी ७० साली उत्तर इटलीत, मांतुआजवळ जन्मलेला. महाकाव्य लिहिण्याआधी त्यानं शेतीवर एक मोठं काव्य लिहिलं, ‘जॉर्जिक्स’. ते इसवी सनापूर्वी २९ च्या सुमारास पुरं झालं. त्याचे चार भाग आहेत. तिसरा भाग गुराढोरांचा. त्यात गाभण गाईंची निगा सांगताना कवी एका माशीपाशी थांबतो. दक्षिण इटलीतल्या सिलारस नदीकाठच्या राईत आणि अल्बर्नस डोंगरावर ही माशी फार, असं तो सांगतो. तिचा आवाज कानावर पडला की गुरांचे कळपच्या कळप उधळतात. ऐन दुपारच्या उन्हात ती जास्त चवताळते, म्हणून गाभण गाई पहाटे चरायला न्याव्यात, नाहीतर चांदण्या उगवल्यावर. तिला रोमन लोक असिलस म्हणतात आणि ग्रीक लोक ऑइस्ट्रस, हेही तो आवर्जून सांगतो. कवीनं शेतकऱ्याला दिलेला हा सल्ला आजही चुकीचा नाही. गोमाशीचा जोर उन्हातच असतो, हे आपल्याकडचा कोणताही गुराखी सांगेल.

ग्रीकांचा ऑइस्ट्रस त्याहून जुना. त्यांच्या पुराणात इओ नावाच्या मुलीची कथा आहे. देवांचा राजा तिच्यावर भाळला, त्यापायी ती गाय झाली, आणि राणीनं सूड म्हणून तिच्यामागं एक गोमाशी लावून दिली. ती बिचारी देशोदेशी पळत राहिली. इओची ही वणवण ग्रीक नाटकात आहे, आणि व्हर्जिललाही माशीचं वर्णन करताना तीच आठवते. या शब्दाला पुढं वेड, उन्माद, बेभान होणं असे अर्थ चिकटले. माजावर आलेल्या जनावराच्या अवस्थेला आज शास्त्रात जो शब्द आहे तो याच ऑइस्ट्रसपासून आला, आणि डॉक्टरांच्या तोंडी आपण इस्ट्रोजेन हे नाव ऐकतो त्याच्याही मुळाशी हीच माशी आहे. एका माशीची भुणभुण केवढी दूर ऐकू येते पाहा.

आता या कथेतली मला सर्वांत आवडणारी जागा. व्हर्जिलनंतर शंभर वर्षांच्या आतच रोममध्ये सेनेका हा तत्त्वचिंतक होऊन गेला. सन ६५ मध्ये तो मरण पावला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यानं ल्युसिलियस नावाच्या मित्राला पत्रं लिहिली, ती आज जगभर वाचली जातात. अठ्ठावन्नाव्या पत्रात तो आपल्या लॅटिन भाषेचं दारिद्र्य सांगत बसला आहे. प्लेटोचा विचार सांगायला शब्द सापडत नाहीत, ही त्याची तक्रार. आणि नुसते नवे शब्द मिळत नाहीत असं नाही, तर जे होते तेही आपण टाकून दिले, असं म्हणून तो उदाहरण देतो ते या असिलसचं. गुरांना रानोमाळ पांगवणाऱ्या या माशीला आपले लोक असिलस म्हणत, आता तो शब्द कुणी वापरत नाही. विश्वास नसेल तर व्हर्जिल काढून पाहा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे शंभर वर्षांच्या आत एक बोलता शब्द मावळला, आणि तो होता हे सिद्ध करायला कवीची साक्ष काढावी लागली.

शब्द मावळला, पण माशी कुठं गेली नव्हती. गुरं उधळतच होती. लोकांनी तिला दुसरं नाव दिलं होतं एवढंच. सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात मरण पावलेला थोरला प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात लिहितो की, काही किड्यांची नांगी तोंडात असते, जसा असिलस, ज्याला टॅबॅनसही म्हणतात. आता आपल्याकडं तीन नावं झाली. ग्रीकांचा ऑइस्ट्रस, जुना लॅटिन असिलस आणि चालता लॅटिन टॅबॅनस. नावं तीन, आणि तिघांचा रोख एकाच छळवाद्याकडं. तो छळवादी म्हणजे आजची नेमकी कोणती माशी, यावर पंडितांत दोन मतं आहेत. कुणी म्हणतात रक्त पिणारी गोमाशी, कुणी म्हणतात गुरांच्या अंगावर अंडी घालणारी आणि कातडीखाली अळ्या वाढवणारी माशी. ही दुसरी माशी पुढं कथेत पुन्हा यायची आहे, तेवढी ध्यानात असू द्या.

यानंतर सतराशे वर्षं ओलांडून आपण स्वीडनमध्ये येतो. सजीवांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत ज्यानं रूढ केली तो कार्ल लिनियस तिथला. १७५८ साली त्याच्या ‘सिस्टीमा नॅच्युरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा हिशेब आज जग तिथूनच धरतं. दोन पंखांच्या किड्यांचे, म्हणजे माश्या-डासांचे, त्यानं दहा गट केले. दहा गटांना दहा नावं हवीत. लिनियस लॅटिन कोळून प्यालेला माणूस. त्यानं जुन्या ग्रंथांच्या पेटाऱ्यात हात घातला. ऑइस्ट्रस हे नाव त्यानं गुरांच्या अंगात अळ्या वाढवणाऱ्या माश्यांना दिलं. टॅबॅनस हे रक्त पिणाऱ्या गोमाशीला. एकाच छळवाद्याची दोन नावं अशी दोघींत वाटली गेली. तिसरं, सेनेकानं मेलेलं म्हणून नोंदवलेलं असिलस हे नाव उरलं होतं. ते त्यानं दिलं एका अशा माशीला, जी गाईगुरांना कधीच चावत नाही.

हे अज्ञानातून झालं असंही म्हणता येत नाही. १७३२ साली तरुण लिनियस लॅपलँडच्या बर्फाळ मुलखात हिंडला होता. एका माशीच्या धास्तीनं तिथल्या रेनडिअरांचे कळप कसे हैराण होतात, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं आणि त्यावर लिहिलंही होतं. खरा ऑइस्ट्रस त्याच्या पक्क्या ओळखीचा होता. त्याला नवी नावं हवी होती, आणि बिनमालकाचं एक जुनं नाव हाताशी होतं. एखाद्या वाड्यातलं जुनं बिऱ्हाड उठून जावं, दारावरची पाटी तशीच राहावी आणि नव्या भाडेकरूला सगळे त्याच पाटीवरच्या नावानं हाक मारू लागावेत, तसं हे झालं.

तर हा नवा भाडेकरू कसा आहे? दरोडेखोर माश्यांचं हे कुळ फार मोठं. जगात त्यांच्या साडेसात हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडंही त्या आहेत. पावसाळा सरता सरता बांधावरच्या काटकीच्या टोकावर एक लांबोडकी, केसाळ माशी दबा धरून बसलेली दिसते, ती बहुधा याच कुळातली. गावाकडं आमचे लोक तिला वेगळं नाव देत नसत. ती कुणाला छळत नाही, मग नाव कोण देणार! या माशीचे डोळे मोठे, आणि दोन डोळ्यांच्या मध्ये कपाळाला खळगा. तोंडावर राठ केसांचा झुबका असतो. शास्त्रज्ञ त्याला ग्रीक भाषेतलं मिशीचं नाव देतात. धडपडणाऱ्या शिकारीच्या पायांचे ओरखडे डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून ही मिशी.

या कुळातली आपली युरोपीय माशी चांगली दांडगी, साधारण इंचभर लांब. पोटाचा मागचा भाग हळदीसारखा पिवळा, पुढचा काळा. उडताना पाहिली तर गांधीलमाशीच वाटते. हा केवळ वेष आहे, तिला नांगी नाही. क्रॅब्रो म्हणजे लॅटिनमध्ये गांधीलमाशी, म्हणून क्रॅब्रोनिफॉर्मिस, गांधीलमाशीच्या रूपाची. तिच्या नावाचा पहिला अर्धा भाग गोमाशीकडून उसना आणलेला, दुसरा अर्धा गांधीलमाशीकडून. स्वतःचं असं त्यात काहीच नाही.

शिकार करण्याची तिची तऱ्हा थंड डोक्याची आहे. जुलै ते ऑक्टोबर हे तिचे उडण्याचे दिवस, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर खरे. ऊन पडलं की ती कुरणातल्या मोकळ्या जमिनीवर, दगडावर, किंवा शेणाच्या वाळल्या पोवर जाऊन बसते. हालचाल नाही, फक्त डोळे जागे. नाकतोडा, शेणकिडा, दुसरी माशी असं काही जवळून गेलं की झेप घेऊन हवेतच पकडते, सोंड खुपसते आणि लाळ आत सोडते. ती लाळ शिकारीला लुळी पाडते आणि आतलं मांस पातळ करते. मग सावकाश पिऊन टाकते. दरोडेखोर हे नाव तिला शोभतं खरं, पण तिचे सारे दरोडे किड्यांच्या गावात. गाईच्या वाटेला ती जात नाही.

आणि तरीही, मित्रहो, ती गाईशी बांधलेली आहे. तिची मादी अंडी घालते ती शेणात किंवा शेणाच्या आसपासच्या जमिनीत. गाईचं शेण, घोड्याची लीद, सशांच्या लेंड्यांची जागाही तिला चालते. अंड्यातून निघालेली अळी जमिनीत उतरते आणि तिथं वाढणाऱ्या शेणकिड्यांच्या अळ्यांवर जगते, असं अभ्यासक मानतात. ही अवस्था दोन-तीन वर्षं चालत असावी. मग कोष, मग काही आठवड्यांचं उन्हातलं उडणं. म्हणजे जी पिवळी माशी आपल्याला दिसली तर दिसते, ती तिच्या आयुष्याची शेवटची ओळ असते. बाकीची कविता जमिनीखाली, काळोखात लिहिली गेलेली.

साखळी ध्यानात घ्या. गुरं चरली पाहिजेत. शेण पडलं पाहिजे. शेणात शेणकिडे आले पाहिजेत. त्यांच्या अळ्या वाढल्या पाहिजेत. आणि हे एका हंगामात नव्हे, दर वर्षी, त्याच गायरानात झालं पाहिजे. एक कडी निखळली की माशी संपली. ज्या गाईला छळणारीचं नाव तिनं अंगावर वागवलं, त्याच गाईच्या पायाशी तिचा संसार. दैवानं केलेली थट्टा म्हणावी तर ही.

ती पूर्वी कुठं कुठं होती हे आपल्याला कसं कळतं? इंग्लंडमध्ये कीटक गोळा करण्याचा छंद दोन-अडीचशे वर्षांचा. टाचणीला टोचलेली माशी आणि तिच्याखाली बोटभर चिठ्ठी, त्यावर गाव आणि तारीख. संग्रहालयांच्या लाकडी पेट्यांत अशा अगणित चिठ्ठ्या आहेत. इतिहासकाराला जसे ताम्रपट, तशा या चिठ्ठ्या. माश्यांच्या अभ्यासात तिथलं एक मोठं नाव म्हणजे जॉर्ज हेन्री व्हेरल. घोड्यांच्या शर्यतींच्या कारभारातला हा माणूस, काही काळ पार्लमेंटचा सभासदही झाला. १९०९ साली त्यानं ब्रिटिश माश्यांवरच्या आपल्या ग्रंथात दरोडेखोर माश्यांचाही समावेश केला. १९११ साली तो वारला, तेव्हा केंब्रिजजवळच्या विकेन फेन या पाणथळीतली आपली जमीन किड्यामुंग्यांसकट जपून राहावी म्हणून नॅशनल ट्रस्टला देऊन गेला. जुन्या चिठ्ठ्या आणि अलीकडच्या नोंदी नकाशावर मांडल्या की दिसतं, ही माशी अनेक जुन्या ठिकाणांहून नाहीशी झाली आहे. दक्षिण इंग्लंड आणि वेल्समध्ये तुटक तुटक ठिपके उरले आहेत.

पहिलं कारण सरळ आहे. गायरानंच गेली. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर अन्नधान्य वाढवायची निकड होती. जुनी, न नांगरलेली कुरणं नांगराखाली आली, खतं घालून एकाच जातीच्या गवताची झाली. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंतच्या पन्नासेक वर्षांत इंग्लंड-वेल्सच्या सखल भागातली अशी नैसर्गिक कुरणं सुमारे ९७ टक्के संपली, असं तिथल्या पाहणीत आढळलं. कुठं गुरं गोठ्यात गेली, कुठं चरणंच थांबलं आणि झुडपं माजली. जमीन तिथंच आहे, हिरवी आहे, पण माशीच्या दृष्टीनं ती ओसाड.

दुसरं कारण अधिक गुंतागुंतीचं आहे, आणि ते मला अधिक अस्वस्थ करतं. त्याची सुरुवात जपानमध्ये झाली. १९७० च्या दशकात सातोशी ओमुरा हे शास्त्रज्ञ ठिकठिकाणची माती गोळा करून तिच्यातले जिवाणू तपासत होते. इतो शहराजवळच्या एका गोल्फ मैदानालगतच्या मातीत त्यांना एक जिवाणू सापडला. अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून जंत मारणारं द्रव्य वेगळं केलं. त्याचंच सुधारलेलं रूप म्हणजे आयव्हरमेक्टिन. १९८१ साली ते जनावरांच्या औषधांच्या बाजारात आलं. पोटातले जंत, अंगावरचे किडे, दोन्हींवर लागू पडणारं. शेतकऱ्याला वरदानच.

हे औषध जनावराच्या अंगात काम करतं आणि बहुतांश शेणावाटे बाहेर पडतं. बाहेर पडल्यावरही त्याचा गुण शिल्लक असतो. १९८७ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या रिचर्ड वॉल आणि लेस स्ट्राँग या दोघांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या वासरांच्या पोटात हळूहळू झिरपणारं आयव्हरमेक्टिन ठेवलं होतं त्यांचं शेण आणि औषध न दिलेल्या वासरांचं शेण, दोन्ही रानात ठेवून त्यांनी पाहिलं. साध्या शेणाचं शंभर दिवसांच्या आत किड्यांनी जवळपास मातीत रूपांतर केलं. औषधाचं शेण मात्र शंभर दिवसांनंतरही बरंचसं जसंच्या तसं पडून होतं. त्यात शेणकिड्यांच्या अळ्या जगतच नव्हत्या. शेण आहे, पण त्यात जीव नाही. मग त्या अळ्यांवर पोसणाऱ्या आपल्या माशीच्या अळीनं काय खावं?

इथं मघाची ती दुसरी माशी आठवा, गुरांच्या पाठीच्या कातडीखाली अळ्या वाढवणारी. पुष्कळ पंडितांच्या मते व्हर्जिलचा असिलस हीच. तिची चाहूल लागताच गुरं शेपट्या वर करून चौखूर उधळतात. तिच्या अळ्या कातड्याला भोकं पाडतात, त्यामुळं चामड्याच्या धंद्याचंही नुकसान. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटननं तिच्या उच्चाटनाची मोहीम सुरू केली आणि १९९० च्या सुमारास ती तिथून जवळपास नाहीशी झाली. त्या मोहिमेत निरनिराळी औषधं वापरली गेली, आणि आयव्हरमेक्टिन हेही या अळ्यांचा काळच. दोन हजार वर्षं कवीला, गुराख्याला, गाईला छळणारी ती माशी औषधानं गेली. गाईंचं बरं झालं, यात शंका नाही. पण त्याच काळात, तसल्याच औषधांची झळ तिचं नाव वागवणाऱ्या दुसऱ्या माशीला लागली, जिनं गाईचं कधी काही वाकडं केलं नव्हतं. नामसाधर्म्यावरून भलत्याच माणसाला पकडून नेल्याच्या बातम्या आपण वाचतो. इथं औषधाला नावं वाचता येत नव्हती, तरी घडलं तसंच.

मला कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. हे औषध खलनायक नव्हे. आफ्रिकेत नदीकाठच्या गावांना अंधत्व देणारा एक रोग आहे, एका चावऱ्या माशीमार्फत पसरणारा. त्यावर हेच औषध गुणकारी ठरलं. १९८७ पासून मर्क कंपनी ते या रोगासाठी फुकट देत आली, आणि लक्षावधी लोकांची दृष्टी वाचली. २०१५ साली कॅम्पबेल आणि ओमुरा यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला तो यासाठीच. आपल्याकडं बऱ्याच जणांनी हे नाव प्रथम ऐकलं ते कोविडच्या साथीत. मे २०२१ मध्ये गोवा सरकारनं अठरा वर्षांवरच्या सर्वांना ते देण्याची घोषणा केली होती, आणि जागतिक आरोग्य संघटना मात्र कोविडसाठी ते चाचण्यांबाहेर वापरू नका म्हणत होती. एकच औषध एके ठिकाणी डोळे वाचवतं, दुसरीकडं भीतीपोटी वाटलं जातं, तिसरीकडं शेणाचा पो निर्जीव करून टाकतं. औषधाला विवेक नसतो, तो देणाऱ्यानं ठेवायचा असतो.

आपल्याला हा धडा परका नाही. गुरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. हे कोडं सुटलं ते २००४ साली, पाकिस्तानातल्या संशोधनातून. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्याण्णव टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली होती. गिधाड मोठं, आभाळात फिरणारं. ते दिसेनासं झालं तर गावाला कळतं. इंचभर माशी दिसेनाशी झाली हे कुणाला कळणार? ज्यानं वहीत तारीख लिहून ठेवली होती त्यालाच.

अशा वह्यांमुळंच ब्रिटनमध्ये पुढं हालचाल झाली. १९९० च्या दशकात तिथं जैवविविधता जपण्याचा आराखडा तयार झाला तेव्हा प्राधान्याच्या जातींत या माशीचं नाव घातलं गेलं. उपाय मोठे खर्चाचे नाहीत. जुन्या गायरानात थोडी का होईना गुरं चरत राहावीत. सगळ्या कळपाला सरसकट औषध देण्याऐवजी शेण तपासून, ज्याला जंत आहेत त्यालाच द्यावं. शक्य तर गुरं गोठ्यात असतात त्या थंडीच्या दिवसांत द्यावं, म्हणजे उन्हाळ्यात रानात पडणारं शेण निर्धोक राहील. आणि कुरणातला शेणाचा पो ही घाण नव्हे, ते एक भरलेलं गाव आहे, एवढं ध्यानात ठेवावं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. तशीही जंताची औषधं आता आपल्याकडच्या गोठ्यांतही नित्याची झाली आहेत, तेव्हा हा विचार आपल्या जनावरांच्या दवाखान्यातही होणं बरं.

एक प्रश्न मला श्रोते विचारतील हे मी जाणतो. एक माशी कमी झाली तर काय बिघडलं? हिशेबाच्या भाषेत उत्तर असं की, ही माशी नाही म्हणजे शेणकिडे नाहीत. शेणकिडे नाहीत म्हणजे शेण मातीत जात नाही, गवताला खत मिळत नाही, आणि त्या किड्यांवर जगणारी वटवाघळं नि पाखरं उपाशी राहतात. शिकारी जिवंत आहे, याचा अर्थ खालचं सारं बिऱ्हाड जागेवर आहे. ती माशी म्हणजे गायरानाच्या तब्येतीची नाडी.

पण कवीच्या भाषेत मला वेगळं उत्तर द्यावंसं वाटतं. सेनेकाला एक शब्द हरवल्याचं दुःख झालं होतं. शब्दांवर जगणाऱ्या कुणालाही ते कळेल. आमच्या घरातल्या जुन्या बायकांबरोबर कितीतरी दखनी शब्द मातीत गेले, ते मला आठवतात तेव्हा मीही थोडा सेनेका होतो. तरी सेनेकाचा तो शब्द व्हर्जिलच्या कवितेत दबा धरून बसलेला होता. सतराशे वर्षांनी कुणीतरी आला, त्यानं तो उचलला, झटकला आणि एका माशीला देऊन टाकला. शब्दाचं असं पुन्हा उठणं होऊ शकतं. पुस्तक शिल्लक असलं म्हणजे झालं.

माशीचं तसं नाही. ती कुठल्या पुस्तकात दबा धरून बसू शकत नाही. टाचणीवरची माशी चिठ्ठीतली तारीख सांगते, अंडी घालत नाही. तिला परत यायचं तर एक गायरान लागतं, चार गुरं लागतात, ऑगस्टचं ऊन लागतं, आणि ज्यात अजून काहीतरी वळवळतं आहे असा शेणाचा एक पो लागतो. नाव उसनं मिळालं, ते कुणालाही मिळू शकतं. ही जागा मात्र तिची तिलाच राखून ठेवावी लागते.